डोंगराळ हाफ मॅरेथॉन: पहिल्या चढावर नेमकं किती सोडायचं?

चढउतार (धागाकर्ता)

मंडळी, मागच्या वर्षी ज्या शर्यतीने माझी पार हवा काढली, ती पुन्हा सात आठवड्यांवर आली आहे. सपाट हाफचा माझा पीबी (आजवरची सर्वोत्तम वेळ) १:२४:२०, म्हणजे किलोमीटरला जेमतेम ४:००. या मार्गावर मागच्या वेळी लागले १:३२:१७ आणि वयोगटात नववा आलो. तिसरा आला तो १:२८:५० मध्ये. सपाटीवर तो माझ्यापेक्षा वेगवान नाही. हे नुसतं समाधान करून घेणं नव्हे, दोन सपाट शर्यतींत मी त्याच्या पुढे होतो. म्हणून ते जास्त डाचतंय.

मार्ग असा. पहिले ३ किमी सपाट. ३ ते ८ सलग चढ, सरासरी ४ टक्के, म्हणजे २०० मीटर वर. ८ ते १३ माथ्यावरचा खालीवर होणारा रस्ता, त्यात आणखी ४० मीटरची चढण. १३ ते १८ उतार, पुन्हा ४ टक्के. मग १८ ते १९.२ एक खडूस चढ, ५ टक्के, ६० मीटर. शेवटचे १.९ किमी हलक्या उताराचे. एकूण चढाई ३०० मीटर, सुरुवात आणि शेवट एकाच ठिकाणी.

मागच्या वर्षीचे स्प्लिट (त्या त्या टप्प्याला घड्याळात झालेली वेळ), लाज बाजूला ठेवून:
३ किमी: ११:४८
८ किमी: ३४:१८ (चढ ४:३० ने)
१३ किमी: ५६:२३
१८ किमी: १:१७:०३
१९.२ किमी: १:२४:०३ (हो, १.२ किमीला सात मिनिटं. मध्ये दोनदा चाललो.)

चढावर मला मस्त वाटत होतं हो! मग प्रश्न असा की तो चढ किती हळू पळायला हवा होता? आणि हळू पळायचं म्हटलं तर पुढचे लोक निघून जातात, त्यांचं काय करायचं?

---

जुनाबूट

घड्याळ घरी ठेवा.

---

धापा

काकांचा प्रतिसाद दरवेळी तोच असतो, धागा कुठलाही असो :)

चढउतार, "चढावर मस्त वाटत होतं" हे वाक्य फ्रेम करून लावा. तिसऱ्या किलोमीटरला कुणाला वाईट वाटतं?

---

आकडेमोड

स्प्लिट दिलेत हे फार बरं केलंत, नाहीतर लोक "फुटलो" एवढंच लिहितात.

आधी चढाची किंमत बघू. इटालियन शरीरशास्त्रज्ञ आल्बेर्तो मिनेत्ती आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ट्रेडमिलवर उणे ४५ ते अधिक ४५ टक्के उतार-चढावर धावणाऱ्यांची ऊर्जा मोजली आणि त्यावरून एक समीकरण दिलं. त्यात आकडे घातले तर ५ टक्के चढावर प्रत्येक मीटरची ऊर्जा सपाटीपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी वाढते. ५ टक्के उतारावर मात्र ती २४ टक्क्यांनीच कमी होते. १० टक्क्यांना वर ६६ टक्के जास्त, खाली ४० टक्के कमी. म्हणजे दरी रुंदावत जाते. साधारण २० टक्के उताराला ऊर्जा सर्वांत कमी लागते, त्याहून तीव्र उतारावर ती परत वाढायला लागते, कारण तिथे शरीर पळण्यापेक्षा थांबवण्याचंच काम जास्त करतं.

याचा सरळ अर्थ, चढावर दिलेलं उतारावर पूर्ण परत मिळत नाही. मिळेल असं धरून जो हिशेब करतो त्याचा हिशेब १८व्या किलोमीटरला चुकतो.

तुमच्या ४ टक्क्यांच्या चढावर समान श्रम धरले तर समीकरण ४:००चे ४:५७ करतं. प्रत्यक्षात इतकं हळू व्हावं लागत नाही, कारण ट्रेडमिलवर वारा नसतो, आणि रस्त्यावर वेग कमी झाला की हवेचा विरोधही कमी होतो. धावपटूंचा जुना ठोकताळा आहे, दर एक टक्का चढाला किलोमीटरमागे ८ सेकंद जास्त आणि दर एक टक्का उताराला ५ सेकंद कमी. त्याने ४:३२ येतं. खरं कुठेतरी मध्ये. मी तुम्हाला ४:४५ सांगेन.

आता तुमचं मागच्या वर्षीचं ४:३० बघा. ठोकताळ्याच्या दृष्टीनेही ते सपाटीच्या ४:०० पेक्षा थोडं जोरातच होतं, आणि तेही त्याआधी ३:५६ ने ३ किमी पळून झाल्यावर. हाफ मॅरेथॉन तुमच्यासारख्याने थ्रेशोल्डच्या, म्हणजे ज्या श्रमांच्या वर गेलं की दमणं झपाट्याने वाढतं त्या रेषेच्या, जरासं खालीच पळायची असते. त्या रेषेच्या वर जाता येतं, पण वरचा साठा मोजका. एकदा तो वापरला की भरून यायला रेषेच्या बरंच खाली उतरावं लागतं, आणि शर्यतीत तशी उसंत मिळत नाही. तुम्ही तो साठा २२ मिनिटं खात होतात. नंतर माथ्यावरचे पाच किलोमीटर ४:२५ ने गेले ते त्याचंच बिल.

---

फक्त_वाचक

बाळबोध प्रश्न, रागावू नका. चढावर दमलो तर नंतर ५ किमी उतार आहेच की. तिथे आराम मिळत नाही का? उतारावर तर आपोआप पळायला होतं.

---

वाऱ्याची_मावशी

अजिबात बाळबोध नाही. बहुतेक शर्यती याच समजुतीपायी जातात.

उतारावर फुफ्फुसांना आराम मिळतो, मांड्यांना नाही. पाय टेकतो तेव्हा मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच आकसून शरीराला धरून ठेवतो. अशा कामात दम लागत नाही म्हणून कळत नाही, पण स्नायूच्या तंतूंची बारीक बारीक मोडतोड याच कामात सर्वांत जास्त होते. गॉटशॉल आणि क्रॅम या दोघांनी २००५ मध्ये जमिनीवरचे बल मोजले होते. ९ अंशाच्या उतारावर (म्हणजे जवळजवळ १६ टक्के, चढउतारच्या रस्त्याच्या कितीतरी पट तीव्र) पाय आपटण्याचं बल सपाटीपेक्षा ५४ टक्क्यांनी वाढलं आणि ब्रेक लावणारं बल ७३ टक्क्यांनी. ४ टक्क्यांना एवढं नसतं. पण ५ किमीत पावलं किती पडतात ते मोजा.

चढउतार, तुमच्या स्प्लिटमध्ये मला चढ दिसलाच नाही, उतार दिसला. १३ ते १८ हे पाच किलोमीटर तुम्ही २०:४० ला गेलात, ४:०८ ने. चार टक्के उतारावर! सपाटीवर ४:०० ने पळणारा माणूस तिथे ३:४० च्या आसपास असायला हवा. किलोमीटरला २८ सेकंद, पाच किलोमीटरला सव्वादोन मिनिटं. चढ कितीही सुधारलात तरी एवढी वेळ तिथे मिळणार नाही.

दमलेला माणूस उतारावर मागे रेलतो, टाच पुढे टाकतो आणि प्रत्येक पावलाला स्वतःलाच अडवतो. उतार पळायचा तो असा: शरीर रस्त्याला काटकोनात, झुकाव घोट्यातून, कमरेतून वाकून नाही. पावलं आखूड आणि भराभर, पाय शरीराच्या खालीच पडायला हवा. हात थोडे बाजूला, तोल सावरायला. नजर पायाशी नको, दहा-पंधरा मीटर पुढे. पाय जोरात आपटल्याचा आवाज येत असेल तर काहीतरी चुकतंय. मी स्वतः उतार कानाने पळते.

आणि हे शर्यतीच्या दिवशी ठरवून जमत नाही. सरावात उतार पळला नसेल तर मांड्या तिसऱ्या किलोमीटरलाच संप पुकारतात.

---

धापा

"उतार कानाने पळते." दंडवत घ्या मावशी. मी आजवर सगळे उतार तोंडाने पळलोय, म्हणजे ओरडत.

---

जुनाबूट

आता जरा मोठा प्रतिसाद देतो, नाहीतर घड्याळावरून मला चिडवत बसाल.

आकडेमोड यांचं गणित बरोबर आहे, फक्त समान श्रम हा देव मानू नका. चढावर तुम्ही जास्त वेळ असता. उतारावर कितीही दम शिल्लक असला तरी पाय एका मर्यादेपुढे फिरत नाहीत, म्हणजे तिथे जोर वापरताच येत नाही. मग तो जोर चढावर थोडा जास्त वापरला तर एकूण वेळ कमीच येते. म्हणून जाणते धावपटू चढावर सपाटीपेक्षा किंचित जास्त श्रम करतात. किंचित म्हणजे किती? सपाटीवर चार शब्दांचं वाक्य बोलता येत असेल तर चढावर दोन शब्द यावेत. एकही येत नसेल तर जास्त झालं. माझं मोजमाप एवढंच, त्याला बॅटरी लागत नाही.

दुसरं, चढ म्हणजे एक चढ नसतो. सरासरी ४ टक्के म्हणताय, त्यात कुठे २ असेल, कुठे ७. पेस (किलोमीटरमागचा ठरवलेला वेग) धरून बसलात तर ७ च्या तुकड्यावर मराल आणि २ च्या तुकड्यावर झोपाल. मार्ग आधी चालून या. कुठला खांब, कुठलं वळण, पाठ करा. नागमोडी वळणाची आतली बाजू अंतराला कमी पण चढाला जास्त खडी असते. थकलेल्या पायांनी तिथे अंतर वाचवायला जाऊ नये, मधून जावं. बाकी सगळीकडे मात्र वळणं कापत सरळ रेषेत पळा. मार्ग मोजतात तो कडेपासून ३० सेंटिमीटरवरून, शक्य तितक्या जवळच्या रेषेने, वर हजारात एक भाग जास्त धरून. घड्याळात २१.३ आलं म्हणून जे संयोजकांना शिव्या देतात ते स्वतःच रस्ताभर वेलांट्या काढत आलेले असतात.

तिसरं आणि सर्वांत महत्त्वाचं: माथा. चढ माथ्यावर संपत नाही, माथ्यानंतर दोनशे मीटरनी संपतो. लोक वर पोचले की "हुश्श" करतात. तिथे हुश्श करायचं नाही.

---

आकडेमोड

काका, समान श्रमांबद्दल माघार घेतो. "किंचित जास्त" मान्य. माझी भीती एवढीच की शर्यतीच्या गर्दीत किंचितचं बरंच व्हायला शंभर मीटर पुरतात.

माथ्याबद्दल आधार देतो. २०१० च्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात धावपटूंना डोंगराळ मार्गावर मोकळं सोडून त्यांचा वेग टिपला होता. चढावर ते सपाटीपेक्षा सरासरी २३ टक्के हळू झाले, उतारावर १४ टक्क्यांच्या आसपास जलद. पण मला लक्षात राहिलेली गोष्ट वेगळीच आहे. चढ संपून रस्ता सपाट झाल्यावरही सपाटीचा वेग परत यायला मिनिटाहून जास्त लागला. ते मिनिट कुणाच्याच पेस-चार्टमध्ये नसतं.

---

पोटरी

हार्ट रेट बघून चढ पळणाऱ्यांसाठी एक सूचना, वरच्या चर्चेत राहून गेली. हृदयाचे ठोके मागून येतात. चढ सुरू झाल्यावर पहिलं मिनिट तरी आकडा सपाटीचाच दिसतो, आणि माणूस म्हणतो, "अरे वा, चढ असूनही १६२ च!" मग जोर वाढवतो. आकडा खरा होईपर्यंत उशीर झालेला असतो. पहिला अर्धा किलोमीटर श्वासावर, मग घड्याळावर. शेवटच्या पाच किलोमीटरला तर ठोके तसेही वर सरकलेले असतात, त्यांच्याकडे बघूच नका.

चढाला सुरुवात करताना वेग स्वतःहून खाली आणायचा, पावलांची गती जवळपास तीच ठेवून पाऊल आखूड करायचं. सायकलचा गिअर बदलतो तसं.

सरावाबद्दल: मावशी म्हणतात त्या मांड्यांच्या मोडतोडीची एक चांगली बाजूही आहे. एकदा उतारावर जोरात पळून मांड्या दुखवल्या की स्नायू त्यातून शिकतात, आणि पुढचे काही आठवडे तसाच उतार पळला तर दुखणं आणि नुकसान बरंच कमी होतं. सात आठवडे आहेत म्हणजे भरपूर वेळ आहे. दर आठवड्या-दहा दिवसांनी एकदा उतार. आधी दोन किलोमीटर आरामात, मग तीन, मग चार शर्यतीच्या वेगाने. शेवटचा जोरदार उतार शर्यतीच्या दोन आठवडे आधी, त्यानंतर बंद. शेवटच्या आठवड्यात "जरा उतार बघून येतो" म्हणणारे दुखऱ्या मांड्या घेऊन स्टार्टलाइनवर उभे असतात.

चढासाठी ४०० मीटरचे आठ स्फोट मारण्यापेक्षा सलग २-३ किमी चढ थ्रेशोल्डला, दोन किंवा तीन वेळा. शर्यतीतला चढ पाच किलोमीटरचा आहे, तर सराव तशाच चढाचा हवा. आणि एखाद्या लांब पल्ल्याच्या दिवशी उतार संपल्या संपल्या एक चढ ठेवा. उताराने बधिर झालेल्या पायांनी चढायला लागणं ही चीज वेगळीच असते. तुमचा तो १८चा चढ नेमका तसाच आहे.

---

चढउतार

एवढं सगळं एका दिवसात! सगळ्यांचे आभार, आणि मावशी, तुम्ही बोट ठेवलंत ते अगदी वर्मावर. मी वर्षभर चढालाच शिव्या देत होतो.

दोन गोष्टी राहिल्या. एक, जेल (पळताना ताकदीसाठी घ्यायचं गोड चाटण) कधी घ्यायची? मागच्या वेळी चढाच्या मध्यावर घेतली आणि अर्धी अंगावर सांडली. दोन, आणि ही जास्त महत्त्वाची: मी वेळेसाठी पळत नाहीये, मला तिसरा नंबर हवा आहे. पाच-सहा जण चढावर पुढे निघाले तर सोडून द्यायचे?

---

घाटमाथा

जेल चढाआधी पाच मिनिटं, म्हणजे दुसऱ्या किलोमीटरला, आणि दुसरी ११-१२ ला. चढावर तोंडात काही घालू नये. श्वास तिथेच हवा असतो आणि पोटही त्या वेळी कामाला तयार नसतं. दीड तासाच्या शर्यतीला दोन पुरतात.

आता नंबराचं. मी या प्रकारच्या शर्यती बऱ्याच पळलोय, काही जिंकलोय, बऱ्याच घालवल्यात.

चढावर सोडून द्यायचे, पण नजरेतून सोडायचे नाहीत. २०-२५ सेकंद पुढे गेलेला माणूस वळणावर दिसतो, त्याची पाठ दिसते. खांदे वर आलेत, डोकं डुलतंय, वळणं मोठी घेतोय, तर तो तुमचाच आहे, फक्त वेळ यायची आहे. चढावर कुणाच्या मागे पळून वाऱ्याचा फायदा फारसा मिळत नाही, वेगच कमी असतो. माथ्यावरच्या उघड्या रस्त्यावर मात्र मिळतो. तिथे एकटं पळू नका. किलोमीटरला तीन-चार सेकंद जास्त गेले तरी चालतील, समोरच्या घोळक्याच्या मागे चिकटून राहा.

हल्ला कुठे करायचा? चढावर नाही. चढाच्या मध्यावर कुणाला मागे टाकायला जी ताकद लागते तेवढ्यात माथ्यावर दोघांना टाकता येतं. समोरचा "हुश्श" करतो ते दहा सेकंद आपले. काका बरोबर बोलले. चढाचे शेवटचे पन्नास मीटर त्याच्या खांद्याला खांदा लावून राहायचं आणि रस्ता आडवा झाला की निघायचं. त्या क्षणी त्याच्या पायांत उत्तर नसतं, आणि दोनशे मीटरनी त्याला दम परत येतो तोवर तुम्ही पंचवीस मीटर पुढे असता. मग पाठलाग करायचा की नाही हे त्याला ठरवावं लागतं, तुम्हाला नाही.

उतारावर मागे टाकताना जवळून जायचं नाही. बाजूने, वेगाने, एकदम. हळूहळू ओलांडलं की तो चिकटतो.

---

फक्त_वाचक

चढावर मध्ये मध्ये चाललं तर? काही जण म्हणतात चालणं स्वस्त पडतं.

---

पोटरी

अगदी उभ्या डोंगरी शर्यतींत, जिथे हात गुडघ्यांवर ठेवून चढावं लागतं, तिथे खरं आहे. ४-५ टक्के रस्त्यावर दीड तासाच्या आत येणाऱ्याने चालणं म्हणजे आधी काहीतरी बिघडलेलं असतं.

---

चढउतार

तुमच्या सगळ्यांच्या म्हणण्यावरून कागदावर उतरवलेला प्लॅन:

० ते ३: ४:०५ ने, १२:१५
३ ते ८: ४:४५ ने, ३६:००
८ ते १३: ४:०८ ने, ५६:४०
१३ ते १८: ३:४२ ने, १:१५:१०
१८ ते १९.२: ४:५५ ने, १:२१:०४
शेवट: ३:४८ ने, १:२८:१७

गंमत म्हणजे ८ किमीला हा प्लॅन मागच्या वर्षीच्या मला १:४२ ने मागे ठेवतो. १३ ला फरक राहतो फक्त १७ सेकंदांचा. म्हणजे माथ्यावरच्या पाच किलोमीटरमध्येच मागच्या वर्षीचा मी जवळपास सगळं उधळून बसलो होतो, उतार सुरू व्हायच्या आधी.

---

वाऱ्याची_मावशी

प्लॅन छान. फक्त उताराचा पहिला किलोमीटर ३:४२ ने नको, ३:५० ने. माथ्यावरून खाली वळल्यावर पायांना ताल सापडायला वेळ लागतो. चौथ्या-पाचव्या किलोमीटरला ३:३५ आपोआप येईल. नाही आला तर समजा, चढावर काकांचं "किंचित" मोडलं गेलं.

---

जुनाबूट

आणि चढाचं ४:४५ कागदावरच राहू द्या. वारा समोरून असला तर ५:०० होईल, त्याने घाबरू नका. सगळ्यांनाच तो समोरून असतो.

---

चढउतार (चार आठवड्यांनी)

फक्त नोंद. पहिला उतार, २ किमी आरामात: दोन दिवस खुर्चीतून उठताना "आई गं". दुसरा, ३ किमी: एक दिवस हलकं दुखलं. काल ४ किमी ३:४० ने: आज काहीच नाही. पोटरी, तुमचं म्हणणं तंतोतंत.

मावशी, पाय आपटण्याचा आवाज ऐकायला लागलोय. डावा जास्त वाजतो.

---

वाऱ्याची_मावशी

बहुतेकांचा एक वाजतोच. रस्त्याच्या उताराच्या बाजूला पळता का नेहमी? मध्यावर पळून बघा.

---

चढउतार (शर्यतीनंतर)

१:२८:३८. वयोगटात चौथा.

आधी चांगलं. ३ किमी १२:१०. चढ सुरू झाला आणि अक्षरशः लोंढा पुढे गेला. मोजले, चौदा जण. त्यांत माझ्या वयोगटाचे पाच, तो मागच्या वर्षीचा तिसराही. मी पाऊल आखूड केलं आणि दोन-दोन शब्द पुटपुटत राहिलो. शेजारचा विचारत होता, "बरं आहे ना?" त्याला म्हटलं, "बरं. पळ." दोनच शब्द बसत होते. मध्ये एक सपाटसा तुकडा आहे, तिथे मागच्या वर्षी मी श्वास घ्यायला ढिलावलो होतो. या वेळी तिथेच तीन जण परत मिळाले.

८ किमी ३६:०२. माथ्यावर काकांच्या सांगण्याप्रमाणे हुश्श न करता दोनशे मीटर मोजले. वारा होता, चौघांच्या मागे लपलो, १३ किमी ५६:३३. आणि मग उतार. पहिला किलोमीटर ३:५४, हातचं राखून. पुढे एकेक पाठ जवळ यायला लागली. सहा जणांना टाकलं, त्यातले तीन माझ्या वयोगटाचे. त्यांचे पाय ऐकू येत होते मावशी, लांबून, थप्प थप्प थप्प. १८ किमी १:१५:२८, पाच किलोमीटर १८:५५. प्लॅनपेक्षा पंचवीस सेकंद जास्त, पण मागच्या वर्षीपेक्षा पावणेदोन मिनिटं कमी.

मग तो चढ. मागच्या वर्षीचा तिसरा वीस मीटरवर होता. पाय लाकडाचे झाले होते, पण चाललो नाही. चढ ६:०२ ला, आणि माथ्याच्या पन्नास मीटर आधी त्याला गाठलं. खांद्याला खांदा. घाटमाथा यांनी लिहिलं होतं तसंच, सगळं जुळून आलं होतं.

आणि तो गेला. माथ्यावर तो गेला, मी नाही. शेवटच्या १.९ मध्ये अंतर कमी करत आणत होतो, ७:०८ ला संपवलं, पण फिनिशला चार सेकंद राहिलेच. त्याचे १:२८:३४.

शर्यत संपल्यावर आम्ही बराच वेळ गप्पा मारल्या. तो म्हणाला, शेवटच्या चढावर त्याला माझा श्वास ऐकू येत होता.

---

धापा

अभिनंदन! मागच्या वर्षीपेक्षा साडेतीन मिनिटांहून जास्त. चार सेकंदांचं दुःख आठवडाभर करा, मग विसरा.

---

आकडेमोड

अप्रतिम अंमलबजावणी. चढाचे पाच किलोमीटर २३:५२, ठरवलेल्यापेक्षा फक्त सात सेकंद जास्त. एवढा शिस्तीचा चढ मी कुणाच्या घड्याळात पाहिलेला नाही.

---

घाटमाथा

शेवटच्या माथ्यानंतरचं पहिलं मिनिट घड्याळातून काढून इथे टाका बघू.

---

चढउतार

पहिलं मिनिट ४:२० च्या वेगाने. त्यानंतर शेवटपर्यंत ३:४०.

---

घाटमाथा

हं.

---

जुनाबूट

हुश्श केलंत.

---

चढउतार

केलं काका.